गल्ल्यात चार विचित्र नाणी सापडलीत, मिंट एरर (टांकसाळीत छापताना झालेली चूक) खरी का कुणीतरी केलेली? कसं ओळखायचं?

गल्ल्यावरचा_बाळू

नमस्कार मंडळी. कराडला स्टँडजवळ आमचं किराणा आणि झेरॉक्सचं दुकान आहे, एसटीतनं उतरलेला माणूस आधी आमच्याकडं येऊन सुट्टे करतो त्यामुळं चिल्लरीला तोटा नाही. दुपारी गिऱ्हाईक नसतंय तेव्हा मी गल्ला ओतून चाळत बसतो, तीनचार वर्षं झाली हा नाद लागून, बायको म्हणते मोजायचे तर नोटा मोजा. तर त्यातनं चार नाणी बाजूला ठेवलीत. फोटो टाकलेत पण मोबाईलच्या कॅमेऱ्याची काच फुटलीय म्हणून धूसर आलेत, लिहूनच सांगतो.

पहिलं म्हणजे अंगठा दाखवणारा रुपया, त्याच्या एका बाजूला सिंह नेहमीसारखे आणि दुसऱ्या बाजूला पण सिंहच, पण आरशात दिसतात तसे उलटे आणि आत रुतलेले. दुसरं दहाचं दोन रंगाचं, त्यात बाहेरच्या पिवळ्या कड्यावरचं भारत न् इंडिया जागच्या जागी आहे पण मधल्या पांढऱ्या टिकलीतले सिंह आडवे झोपलेत. तिसरा जुना कणसाचा स्टीलचा रुपया, सिंह सरळ धरून नाणं पलटलं की मागचा एकचा आकडा आडवा येतो. आणि चौथं जुनं जाडजूड पाच रुपये, त्याचा ठसाच सरकलाय, सिंहांची डोकी कडेच्या बाहेर गेलीत आणि खालती चंद्रकोरीएवढी जागा कोरी.

आठवडी बाजारात एक जण चादर टाकून रुद्राक्ष, जुनी कुलपं, नाणी असलं विकत बसतो, त्याला दाखवली. अंगठ्यावाला रुपया बघून तो जागेवरनं उठलाच, म्हणाला हा लाखाचा पीस आहे पण लाखाचं गिऱ्हाईक आणायचं कुठनं. पाचाचं नाणं एकदा उलटसुलट केलं, हे खराब झालंय म्हणाला आणि खाली ठेवलं. शेवटी म्हणतो चारी मिळून सहाशे देतो, पण देणार असशील तर चारीच्या चारी दे, सुटं घेत नाही. मी म्हटलं विचार करतो.

इकडं यूट्यूबवर बघतोय तर असल्या नाण्याचे पाच लाख दहा लाख सांगतात. खरं काय आहे हो? आणि खरं खोटं घरी बसून कसं ठरवायचं?

ढब्बूपैसा

बाळूभाऊ, आधी ते यूट्यूब बंद करा. मग सोनाराकडे जाऊन चारही नाण्यांचं वजन ग्रॅमचे दोन पॉइंट येतील अशा काट्यावर करून इथे लिहा, आणि कुणाकडे व्हर्नियर असेल तर मापंही. वजनाशिवाय एरर नाण्यावर बोलणं म्हणजे पत्रिका न बघता लग्न जमवणं.

तुमच्या नाण्यांची मूळ मापं लिहून ठेवा. कणसाचा रुपया (१९९२ ते २००४ चा) आणि अंगठ्याचा रुपया दोन्ही स्टीलचे, २५ मिलिमीटर आणि ४.८५ ग्रॅम. जाड पाच रुपये तांबं-निकेलचं, २३ मिलिमीटर आणि ९ ग्रॅम. दहाचं २७ मिलिमीटर, ७.७१ ग्रॅम. स्पीकरच्या मागचं लोहचुंबक लावून बघा, दोन्ही रुपये चिकटले पाहिजेत आणि ते जाड पाच अजिबात चिकटता कामा नये. ते चिकटलं तर प्रकरण वेगळं, कारण पाच आणि दहाची नकली नाणी पाडणारेही आहेत, दिल्लीत २०१६ साली असे कारखाने पकडले होते. नकली नाणं वेडंवाकडं छापलं गेलं की लोक त्यालाच एरर म्हणून जपून ठेवतात, मी स्वतः सुरुवातीला एक दीड वर्ष जपलेलं आहे, हसू नका.

आणि एक काम करू नका. नाणी धुऊ नका, चिंच लावू नका, लिंबू नको, भांड्याची पावडर नको. घासलेल्या नाण्याची चमक आम्हाला दोन फुटांवरून कळते आणि भाव तिथेच पडतो.

गल्ल्यावरचा_बाळू

दादा उशीर झाला, आईनं कणसाचा रुपया देव्हाऱ्यातल्या तांब्याबरोबर चिंचेनं घासलाय. बाकीची तीन वाचलीत. वजन उद्या करतो.

उद्यमनगर_प्रेस

मी नाणी गोळा करत नाही पण तीस वर्षं झाली कोल्हापुरात डाय (छापायचा ठसा) मारतोय, पॉवर प्रेस बघत म्हातारा झालो, त्यामुळं मला हा विषय लई आवडतो. भाऊ, नाणं म्हणजे शेवटी काय, प्रेसचा जॉब. आता बघा, पट्टीतनं गोल चकती कापतात, ती भट्टीत घालून मऊ करतात, मग तिची कड दाबून जरा उचलून घेतात, आणि मग ती चकती जाऊन बसते एका कड्यात, त्याला कॉलर म्हणतात, खाली एक डाय वर एक डाय, दाब पडला की धातू डायच्या खोबणीत शिरतो आणि बाहेर पसरायला बघतो, पण कॉलर त्याला पसरू देत नाही म्हणून नाणं बरोबर गोल आणि मापात निघतं. एवढं डोक्यात पक्कं ठेवा. आता हातात कुठलंही विचित्र नाणं आलं की एकच प्रश्न विचारायचा, ह्या प्रेसमधे हे असं होऊ शकतं का? होऊ शकत असेल तर पुढं बघा, होऊच शकत नसेल तर ते टांकसाळीच्या बाहेर कुणीतरी केलंय, मग ते किती का भारी दिसेना.

ह्या हिशोबानं तुमचं दहाचं नाणं घ्या. कडं आणि मधली टिकली वेगवेगळी तयार होतात हे खरं, पण ती एकमेकात घट्ट बसतात ती छापतानाच, एकाच दाबात. म्हणजे एकच डाय एकाच वेळी कड्यावर पण मारते आणि टिकलीवर पण. मग टिकलीतले सिंह आडवे आणि कड्यावरचं भारत सरळ, हे कसं होईल? होणारच नाही. डायच एक आहे. कुणीतरी टिकली ठोकून बाहेर काढली आणि परत बसवताना फिरली, बस्स. खरं एरर असतं तेव्हा टिकली एका बाजूला सरकलेली असते पण वरचं चित्र नीट, म्हणजे सांधा चुकतो, चित्र चुकत नाही. नखानं सांधा चाचपून बघा, कुठं ठोकल्याची खूण, कुठं फट असणार.

तिसरा रुपया, फिरलेला, हा मात्र होतो. डाय होल्डरमधे बसवताना वाकडी बसली किंवा चालू कामात ढिली झाली की ती फिरते आणि कुणाच्या लक्षात येईपर्यंत ढिगानं माल तसाच निघतो. माझ्या स्वतःच्या शॉपमधे वॉशरवर कंपनीचं नाव असंच तिरकं आलं होतं, चार हजार वॉशर परत आले. त्या वॉशरला कोण कलेक्टर मिळाला नाही बघा.

ढब्बूपैसा

वॉशरवाल्या काकांनी सगळं सांगितलंच. मी फक्त फिरलेल्या ठशाबद्दल भर घालतो, कारण इथे परदेशातले व्हिडिओ बघून लोक फसतात. आपल्या नाण्यांच्या दोन्ही बाजू एकाच दिशेला सरळ असतात. नाणं वरून खालून चिमटीत धरा आणि पान उलटल्यासारखं आडवं फिरवा, मागची बाजू सरळ दिसली पाहिजे. अमेरिकेत उलट आहे, तिथे तसं फिरवलं की मागची बाजू डोक्यावर उभी दिसते आणि तेच तिथे बरोबर. अमेरिकेतल्या मामेभावानं दिलेलं क्वार्टर घेऊन 'एकशेऐंशी अंशाचं एरर' म्हणून ग्रुपवर टाकणारा महिन्यातून एक तरी असतो.

नोएडाचा_टिंब

भावांनो माझ्याकडे वैष्णोदेवीचं पाच रुपये आहे आणि एक रुपया आहे ज्याच्यावर मिंट मार्कच, म्हणजे टांकसाळीची खूणच नाही, आणि एक १९९७ चा रुपया आहे त्याच्यावर साल लिहिलंय त्याच्या खाली इंग्लिश एम आणि छोटा गोल आहे. किती मिळतील? नंबर टाका लवकर विकायचे आहेत.

ढब्बूपैसा

नाव नोएडाचा टिंब घेतलंय आणि मिंट मार्क माहीत नाहीत, कमाल आहे. सालाखाली हिरा म्हणजे मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद, टिंब म्हणजे नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. कोलकाता खूणच टाकत नाही, त्यात एरर काही नाही. तो एम आणि छोटा गोल म्हणजे मेक्सिको, कारण त्या काळात सुट्ट्या पैशांची टंचाई होती आणि सरकारनं नाणी परदेशातून पाडून आणली होती. तशीच १९९९ ची काही पाच रुपयांची नाणी मॉस्कोची आहेत, त्यांच्यावर रशियन अक्षरं दिसतात. जमवायला मजा येते, पण ती चूक नव्हे.

वैष्णोदेवीचं २०१२ चं नाणं स्मारक नाणं आहे, पाच आणि दहा दोन्हीत निघालं. श्रद्धा असेल तर पाकिटात ठेवा, लाखाची वाट बघू नका.

तसंच दहाच्या नाण्यावर कुठे दहा रेघा कुठे पंधरा, म्हणून एक खरं एक खोटं असली अफवा होती. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मधे चौदा वेगवेगळ्या डिझाईनची दहाची नाणी सगळी चालतात म्हणून सांगितलं, तरी आमच्याकडे पीएमटीच्या काळातले एक आजोबा अजून पंधरा रेघावालं घेत नाहीत.

गल्ल्यावरचा_बाळू

वजन झालं. शेजारी सराफाकडं गेलो, त्यानं आधी विचारलं सोनं कुठाय. अंगठ्याचा रुपया ४.८३, कणसाचा ४.८६, दहा ७.६८, आणि पाचाचं ८.९७. चुंबकाला दोन्ही रुपये चिकटले, पाच नाही चिकटलं. भाचा आयटीआयला आहे त्याचा व्हर्नियर आणला, पाचाचं नाणं एका दिशेनं २३ च्या जरा वर आहे आणि दुसऱ्या दिशेनं चोवीसच्या पण पुढं जातंय, म्हणजे गोल नाही, लांबट आहे. कडेच्या उभ्या रेघा जवळजवळ नाहीतच. आणि अंगठ्याच्या रुपयाचं वजन बरोबर आहे म्हणजे ते खरं धरायचं ना?

दहाच्या नाण्याचं काका म्हणाले तसंच निघालं, टिकलीच्या कडेला हातोडीचे बारके पोचे आहेत, भिंगातनं दिसले. टिकली आता हलायला पण लागलीय.

उद्यमनगर_प्रेस

वजन बरोबर आहे म्हणून खरं, असं नसतंय बाळू. दाबल्यानं वजन कमी होतंय होय? ॲसिडमधे बुडवून पातळ केलेलं नाणं असेल, कानस मारलेलं असेल तर वजन सांगेल. पण कुणी वाईसमधे (जॉब आवळून धरायच्या शिकंज्यात) दाबलं असेल तर काटा तुम्हाला काही सांगणार नाही.

तुमच्या त्या उलट्या सिंहाचं दोन तऱ्हेनं होऊ शकतं. खरी तऱ्हा अशी, छापलेलं एक नाणं डायला चिकटून बसतं, बाहेर पडतच नाही, तेवढ्यात पुढची कोरी चकती येते. आता त्या चकतीला एका बाजूनं डाय लागते आणि दुसऱ्या बाजूनं ते चिकटलेलं नाणं. नाण्यावरचे सिंह उठावाचे असतात म्हणून चकतीत ते उलटे आणि रुतलेले उमटतात. ह्याला ब्रॉकेज म्हणतात, आणि म्हणूनच खऱ्या ब्रॉकेजला दोन्ही बाजूला तेच चित्र असतं, एकीकडं सुलटं उठावाचं, एकीकडं उलटं रुतलेलं. इथपर्यंत तुमच्या नाण्याचं जुळतंय.

खोटी तऱ्हा, दोन तयार नाणी एकमेकावर ठेवायची आणि वाईसमधे आवळायची किंवा वरनं घण घालायचा. मग एका नाण्याचे सिंह दुसऱ्याच्या अंगठ्यावर रुततात. फरक कुठाय, तर ब्रॉकेजमधे चकती कोरी होती, तिथं अंगठा कधी छापलाच गेला नाही. वाईसच्या नाण्यात अंगठा आधीच छापलेला असतो, तो चेपतो पण पूर्ण जात नाही. तेव्हा भिंग घ्या, टॉर्च आडवा धरा, आणि त्या रुतलेल्या सिंहांच्या खाली किंवा आजूबाजूला अंगठ्याची बोटाची रेघ, एकचा आकडा, काही पुसट दिसतंय का बघा. दुसरी बाजू पण बघा, वाईसच्या जबड्यावर टेकलेली बाजू चपटी झालेली असते, सिंहांची नाकं बसलेली असतात.

फोर्टचा_भाव

मी धंद्यातला आहे, मुंबईत नाणी विकायला टेबल लावतो, म्हणून माझं बोलणं चिमूटभर मीठ घालून घ्या. पण एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही का? बाजारातला माणूस ज्या नाण्याला लाखाचं म्हणाला ते सहाशेत मागतो, आणि जे खराब म्हणाला त्याशिवाय सौदा करत नाही. बाळूशेठ, त्याला तुमचं पाचाचं नाणं पाहिजे. बाकीच्या तिघांचं कौतुक म्हणजे लग्नात नवरीच्या आत्याला दिलेली साडी.

पाचाचं नाणं ऑफ सेंटर आहे, म्हणजे चकती कॉलरमधे नीट बसलीच नाही. जिथे कॉलर नाही तिथे धातू पसरला, म्हणून ते लांबट आणि मापापेक्षा मोठं, आणि कडेच्या रेघा कॉलर देते म्हणून त्या पण नाहीत. कुणी कानसीनं बनवलं असतं तर नाणं लहान झालं असतं, वजन घटलं असतं. इथे वजन पूर्ण आणि माप मोठं, हे जोडीनं आलं की मला बरं वाटतं. फक्त दोन गोष्टी सांगा. कोरी चंद्रकोर दोन्ही बाजूंना एकाच जागी आहे का, म्हणजे आरपार सुई घातली तर दोन्हीकडे कोरी जागाच लागेल का? आणि साल दिसतंय का?

भाव साल दिसण्यावर ठरतो. साल आणि मिंट मार्क दोन्ही पूर्ण असेल, ठसा साधारण दहापंधरा टक्के सरकलेला असेल, तर माझ्या टेबलवर असं पाचाचं नाणं दीड-दोन हजाराला गेलेलं आहे. अर्ध्याच्या वर सरकलेलं असून साल दिसत असेल तर अजून जास्त. साल गेलं तर निम्म्याला पण मारामार. लाखबिख विसरा.

फिरलेल्या रुपयाला नव्वद अंश असेल तर शेदीडशे देईल कुणीतरी. चिंचेनं घासलेला असेल तर पन्नास.

ढब्बूपैसा

फोर्टच्या साहेबांनी धंदा उघड केला, आज सूर्य पश्चिमेला उगवला. पण फिरलेल्या रुपयाला शेदीडशे? मी दहा-दहा रुपयांत घेतलेत असे, तेही पन्नासेक अंश फिरलेले, मोजायला कोनमापक वापरून. स्टीलच्या रुपयात हे इतकं आढळतं की दुर्मीळ म्हणायला जीभ रेटत नाही.

फोर्टचा_भाव

तुम्ही दहाला घेतलेत कारण विकणाऱ्याला माहीत नव्हतं. भाव म्हणजे घेणाऱ्याला किती आवडलं, त्याला कोनमापक लागत नाही.

ढब्बूपैसा

हेच ते. मग यूट्यूबवाला पण तेच म्हणतो की साहेब. मी तरी लिलावात हातोडा पडला त्या किमती बघतो, तोडीवाला, ओसवाल या नाण्यांचे लिलाव करणाऱ्यांचे जुने कॅटलॉग आणि निकाल असतात, तिथे कोणी खरंच पैसे मोजलेले असतात. ऑनलाईन साइटवर 'किंमत ९,९९,९९९' लिहिलेलं रुपयाचं नाणं चार वर्षं तिथेच पडून आहे, त्याला किंमत नाही म्हणत, त्याला इच्छा म्हणतात.

त्र्यंबकरोड_ताई

मी नाशिकची. एरर नाण्यांतलं मला फार कळत नाही, मी जुन्यातली, शिवराईवाली. पण इथे एक सांगायचंय म्हणून लिहिते. आमच्या सासऱ्यांनी, वय बाहत्तर, मागच्या वर्षी फेसबुकवर जाहिरात बघून जुन्या नाण्याचा फोटो पाठवला. समोरच्यानं सांगितलं चार लाख मंजूर झाले, रिझर्व्ह बँकेचं पत्र पाठवतो, पत्रावर शिक्का सही सगळं. मग रजिस्ट्रेशनचे साडेआठशे, मग जीएसटीचे साडेतीन हजार, मग गाडी निघाली तिचा विमा. अकरा हजार गेले तेव्हा त्यांनी आम्हाला सांगितलं आणि दोन दिवस जेवले नाहीत. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मधेच जाहीर केलेलं आहे की आमचं नाव आणि लोगो वापरून जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी फी, कमिशन, टॅक्स मागतात ते सगळे खोटे, बँक असल्या व्यवहारात नसतेच. बाळूदादा, विकायचं तर विका पण विकणाऱ्यानं आधी पैसे भरायचे असं कुठल्या बाजारात असतं हो?

आता माझ्या आवडीचं. 'एरर शिवराई' नावाचा नवा धंदा निघालाय. अर्धंच अक्षर उमटलेली, ठसा बाजूला गेलेली शिवराई एरर म्हणून चौपट भावात विकतात. अहो, ती नाणी हातानं पाडलेली, तांब्याचा तुकडा ठेवायचा, वर ठसा धरायचा आणि हातोडा घालायचा. ठसा बहुतेक वेळा तुकड्यापेक्षा मोठाच असायचा, त्यामुळे एका बाजूला 'श्री राजा शिव' मधलं काहीतरी आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' मधलं काहीतरी येतं, पूर्ण अक्षरं असलेली शिवराईच दुर्मीळ! आमच्याकडे अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं म्युझियम आहे तिथे एकदा जाऊन बघा, हातानं पाडलेलं नाणं आणि यंत्रानं पाडलेलं नाणं शेजारी शेजारी बघितलं की डोळ्यांना आपोआप कळायला लागतं.

उद्यमनगर_प्रेस

ताई एक नंबर. कॉलरच नाही तिथं ऑफ सेंटर कुठनं येणार.

अजून एक आठवलं, कुणी विचारलं नाही तरी सांगतो. दोन्हीकडं छापा असलेलं नाणं. पिक्चर बघून सगळ्यांना ते पाहिजे असतं. टांकसाळीत ते होणं लई अवघड. बाजारात आहे ते लेथवरचं काम, एक नाणं आतनं कोरून वाटीसारखं करायचं आणि दुसऱ्याची टिकली काढून त्यात बसवायची. सांधा कडेच्या लगेच आत लपवलेला असतो. फरशीवर टाका, चांगलं नाणं टिणकन वाजतं आणि हे ठक्क करतं. मला कसं माहीत म्हणाल तर शिकाऊ असताना एका जादूगाराला मी स्वतः करून दिलंय, पन्नास रुपये आणि शोचे दोन पास. नाणं मोडणं वितळवणं कायद्यानं गुन्हा आहे हे तेव्हा माहीत नव्हतं, आता २०११ च्या नाणे कायद्यात स्पष्ट आहे म्हणून कुणी मला खाजगी निरोप करून विचारू नका.

गल्ल्यावरचा_बाळू

सगळ्यांना उत्तर देतो, दोन दिवस गणपतीची वर्गणी गोळा करत होतो.

अंगठ्याचा रुपया भिंगाखाली बघितला, भाच्यानं टॉर्च धरला. उलट्या सिंहांच्या पोटातनं अंगठा दिसतोय. म्हणजे आधी मला तो सिंहाचा पंजा वाटत होता, नीट बघितल्यावर नख दिसलं. आणि दुसऱ्या बाजूच्या सिंहांची नाकं खरंच बसलीत. काका, वाईस. मन खट्टू झालं, खोटं कशाला बोलू, त्याच्यावर मी मनातल्या मनात दुकानाचं शटर बदललं होतं.

पाचाचं नाणं, कोरी जागा दोन्हीकडं एकाच ठिकाणी आहे, खालच्या बाजूला. तिच्या वर सालाचे चारही आकडे पूर्ण आहेत आणि त्याखाली हिरा, म्हणजे मुंबई ना? एक दोन ओरखडे आहेत, गल्ल्यात होतं म्हणून.

हे परदेशी कंपन्यांकडं पाठवून प्लास्टिकच्या डबीत सील करून घेतात ते करावं का?

फोर्टचा_भाव

हो हिरा म्हणजे मुंबई. आणि नाणं चांगलं आहे, हातात घेतल्याशिवाय शंभर टक्के म्हणणार नाही पण तुम्ही जे सांगताय त्यात एकही गोष्ट उलटी जात नाही.

डबीचं म्हणाल तर एनजीसी, पीसीजीएस या कंपन्या एरर नाणी तपासून सील करतात, पण पाठवण्याचा, विम्याचा आणि त्यांच्या फीचा खर्च दोन हजाराच्या नाण्याला परवडत नाही. वीसपंचवीस हजाराच्या पुढच्या मालाला ठीक. आणि डबीतलं नाणं विकत घेताना डबीवरचा नंबर त्यांच्या साइटवर टाकून फोटो जुळवून घ्या, डब्या पण नकली यायला लागल्यात. मुंबईला आलात तर प्रदर्शनात या, चहा माझ्याकडून. घाई नसेल तर लिलावात टाका, माझ्यापेक्षा दोन पैसे जास्त मिळतील, हे मी लिहिलंय ते माझ्या पार्टनरला दाखवू नका.

ढब्बूपैसा

विकायचं का ठेवायचं ते तुमचं, पण ठेवणार असाल तर त्या मऊ वासाच्या प्लास्टिकच्या पाकिटात नको, कालांतरानं नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर मिळतात खिडकीवाले, पाचपंचवीस रुपयांत घेऊन या. आणि आईंना सांगा, हे देव्हाऱ्यात नाही.

गल्ल्यावरचा_बाळू

काल बाजार होता. मुद्दाम गेलो. पाचाचं नाणं घरी ठेवलं आणि बाकीची तीन त्याच्या चादरीवर मांडली, म्हटलं घे बाबा, तुझा लाखाचा पीस पण आहे यात, सहाशे नको पाचशे दे. त्यानं अंगठ्याच्या रुपयाला हातसुद्धा लावला नाही. इकडं तिकडं बघत विचारलं, अन् ते खराब झालेलं कुठाय? मी म्हटलं गल्ल्यात परत टाकलं, गेलं कुणाकडं तरी सुट्ट्यात.

त्याचा चेहरा फोटो काढण्यासारखा झाला होता पण कॅमेऱ्याची काच अजून फुटलेलीच आहे.

दहाच्या नाण्याची टिकली निघून आली ती आली, पोरानं कड्यात दोरा ओवून गळ्यात घातलंय. कणसाचा रुपया आईनं परत देव्हाऱ्यात नेला. फोर्टवाले भाऊ, प्रदर्शन कधी असतंय ते कळवा, कराड-मुंबई रातराणी पकडून येतो.